कंपनी फुटली, श्रोतेही फुटले

१९७० साली 'बीटल्स' फुटले. तेव्हापासून जगात कुठेही चार गाणंवेडे एकत्र बसले की एक भांडण ठरलेलं: वेगळं झाल्यावर सगळ्यात भारी कोण गायलं? जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन की रिंगो स्टार? लेननवाले 'इमॅजिन'चं नाव घेतात, हॅरिसनवाले 'ऑल थिंग्ज मस्ट पास'चं, आणि मॅकार्टनीवाले 'बँड ऑन द रन'वर अडून बसतात. यातला एक तपशील आपल्या घरचा आहे. बीटल्सपैकी कुणाचाही पहिला स्वतंत्र अल्बम म्हणजे हॅरिसनचा 'वंडरवॉल म्युझिक', १९६८ सालचा. त्याचा काही भाग मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत मुद्रित झाला आणि त्यात संतूर वाजवलं ते शिवकुमार शर्मांनी.

पण हे भांडण शिकायला महाराष्ट्राला त्या स्टुडिओची वाट पाहावी लागली नव्हती. त्याआधी ५७ वर्षं, १९१३ साली, आपल्याकडे एक मोठा बँड फुटला होता. पाच वर्षांनी तो पुन्हा फुटला. बाहेर पडलेल्यांनी आपापल्या कंपन्या काढल्या, आणि कुणाचं पद वरचढ यावर पुढची तीन-चार दशकं घराघरांत वाद झाले. त्या बँडचं नाव किर्लोस्कर नाटक मंडळी.

कंपनीला बँड म्हणणं ओढूनताणून वाटेल. जरा थांबा, आधी तिचं काम कसं चालायचं ते पाहू.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आणलं. दोन वर्षांनी 'सौभद्र' आलं. त्यांच्या नाटकांत पात्रं स्वतः गात, आणि प्रेक्षक नाटकाइतकेच, बऱ्याचदा नाटकापेक्षा जास्त, पदांसाठी येत. कंपनीचं एकच बिऱ्हाड असे. एकच स्वयंपाकघर, एकच तालीम. रेल्वेने पडदे, पेट्या, कपडे घेऊन मंडळी गावोगाव फिरत. आज आपण ज्याला टूर म्हणतो तेच त्यांचं आयुष्य होतं. नट, पेटीवाला, तबलजी, सारंगिये, चाली देणारा आणि नाटककार असं सगळं एकाच छपराखाली. पद गाजलं की श्रेय कुणाचं, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

या मंडळीचा पहिला मोठा आवाज भाऊराव कोल्हटकरांचा. ते स्त्रीभूमिका करत, कारण बायकांनी रंगमंचावर येणं तेव्हाच्या प्रतिष्ठित समाजाला चालत नसे. १९०१ साली भाऊराव गेले. १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस हा सतरा वर्षांचा मुलगा मंडळीत आला. त्याला 'बालगंधर्व' ही पदवी लोकमान्य टिळकांनी दिली असं सांगतात. भाऊरावांशी त्याची तुलना होणं अटळ होतं, आणि ती झाली. म्हणजे बँड फुटायच्या आधीच क्रमवारी लावायची सवय लोकांना लागलेली होती.

मग १२ मार्च १९११ रोजी मुंबईत रिपन थिएटरात 'मानापमान' आलं. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर नानासाहेब जोगळेकर, लक्ष्मीधर गणपतराव बोडस. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली आणि तरीही ते रंगमंचावर उभे राहिले, ही गोष्ट मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. टेंब्यांनी ठुमरी, कजरी अशा उत्तरेकडच्या गायकीचा रस मराठी पदांत आणला. पदं अशी गाजली की आजच्या भाषेत त्याला सुपरहिट अल्बमच म्हणावं लागेल.

सुपरहिट अल्बमनंतर बँड फुटतात, हा नियमच असावा. जोगळेकर लवकरच वारले. कारभार शंकरराव मुजुमदारांच्या हाती राहिला, मतभेद वाढले, आणि १९१३ साली बालगंधर्व, बोडस आणि टेंबे या तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. बालगंधर्व पंचवीस वर्षांचे होते, टेंबे बत्तिशीतले, बोडस तेहतिशीतले. म्हणजे आज स्टार्टअप काढणाऱ्यांच्याच वयाचे. आणि स्टार्टअपमध्ये होतं तेच पुढे झालं. टेंबे दोनेक वर्षांत बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. काही वर्षांनी बोडसही गेले. राहिले एकटे बालगंधर्व.

इथे पहिला वाद सुरू होतो, आणि तो साधा नाही. 'मानापमान'च्या पदांवर हक्क कुणाचा? ज्याने चाल दिली त्याचा, की ज्याने ती गाऊन अमर केली त्याचा? टेंब्यांच्या बाजूचे म्हणत, चाल नसती तर गळा काय करणार होता. बालगंधर्वांच्या बाजूचं उत्तर तयार असे: १९१६ सालचं 'स्वयंवर' बघा. त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या, टेंबे तिथे नाहीत, आणि तरीही पदं 'मानापमान'च्या तोडीची. हे उत्तर बिनतोड वाटतं. पण त्याच उत्तरात दुसरी बाजूही दडलेली आहे. एक उत्तम संगीतकार गेला तेव्हा दुसरा उत्तम संगीतकार, तोही बालगंधर्वांचा गुरू, पाठीशी उभा राहिला. एकटे बालगंधर्व एकटे कधीच नव्हते. पुढे त्यांच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा होते, सारंगीवर कादरबक्ष. आपण 'सोलो' म्हणतो तेव्हा बऱ्याचदा अर्थ एवढाच असतो की जाहिरातीवर नाव एकाचं आहे.

बीटल्सच्या वादात हॅरिसनचं जे स्थान आहे, तेच माझ्या मते आपल्या वादात टेंब्यांचं. दोघांच्याही वाट्याला मोठ्या नावांच्या सावलीतली जागा आली, आणि दोघांचंही काम सावलीतून बाहेर पडल्यावर नीट दिसलं. १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आला, त्याचं संगीत टेंब्यांचं आणि राजा हरिश्चंद्रही तेच. तरीही 'कोण श्रेष्ठ' या यादीत त्यांचं नाव पहिल्या तिघांत सहसा नसतं. कारण यादी गळ्यांची लागते, चाली देणाऱ्यांची नाही.

बालगंधर्व गेल्यावर किर्लोस्कर मंडळीला नवा गळा हवा होता. तो गोव्याहून आला. मंगेशीला १९०० साली जन्मलेला दीनानाथ मंगेशकर हा मुलगा कोवळ्या वयातच मंडळीत दाखल झाला. आणि १९१८ साली, सतराव्या वर्षी, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर तोही बाहेर पडला. तिघांनी बलवंत संगीत नाटक मंडळी काढली. मूळ बँड दुसऱ्यांदा फुटला तो हा, आणि त्यानंतर किर्लोस्कर मंडळीला जुने दिवस पुन्हा दिसले नाहीत.

तिसरं नाव किर्लोस्करांच्या घरातलं नव्हतं, पण त्याच्याशिवाय वाद पुरा होत नाही. कोल्हापूरचे केशवराव भोसले. जन्म १८९०. लहानपणीच स्वदेशहितचिंतक मंडळीत 'शारदा' गाजवलेली, आणि वयाच्या सतराव्या वर्षी, १ जानेवारी १९०८ रोजी, हुबळीला स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढलेली. हा दुसऱ्या बँडमधून आलेला प्रतिस्पर्धी.

आता तिघांचे चाहते कशावरून भांडत ते पाहू, कारण त्यात खरी गंमत आहे. बालगंधर्ववाले लय, शब्द आणि भाव यांवर बोलत. पद संथपणे फुलवत नेणं आणि तालाशी लडिवाळ खेळ करणं ही त्यांची ओळख. केशवरावांचे चाहते आवाजाच्या ताकदीवर आणि तानेच्या तडफेवर फिदा होते. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. शेवटच्या रांगेतल्या, कमी पैशांच्या तिकिटावर बसलेल्या माणसासाठी आवाज पोचणं हाच पहिला निकष असणार. दीनानाथवाले अचानकपणावर जीव टाकत. कुठून कुठे जाईल याचा पत्ता न लागू देणारी चपळ, तिन्ही सप्तकांत फिरणारी, पंजाबी ढंगाची तान. बालगंधर्वांनी आयुष्यभर बहुतेक नायिकाच रंगवल्या. दीनानाथ 'भावबंधन'मध्ये लतिका झाले, 'रणदुंदुभी'त तेजस्विनी झाले आणि 'मानापमान'मध्ये धैर्यधरही झाले. एवढंच नाही, 'मानापमान'ची गाजलेली पदं त्यांनी आपल्या ढंगाच्या चालींत बांधून घेतली. जुन्या बँडचं सर्वात हिट गाणं नव्या चालीत गायचं, याला धाडस लागतं. काहींना ते उर्मटपणाचं वाटलं, काहींना तीच खरी कलावंताची खूण वाटली.

मोजायचं साधनही होतं: वन्स मोअर. पद संपलं की प्रेक्षक ओरडत, नट पुन्हा गाई, आणि चांगला नट प्रत्येक वेळी वेगळं गाई. नाटक रात्रभर चाले. कुठल्या पदाला किती वन्स मोअर हा आकडा लोक घरी घेऊन जात आणि दुसऱ्या दिवशी पारावर तोच पुरावा म्हणून मांडत. पण या मोजणीत एक गोम होती. वन्स मोअर देणारे आपल्याच कंपनीच्या खेळाला आलेले असत. तिकीट काढतानाच त्यांचं मत ठरलेलं असे. समोरासमोर सामना झाल्याशिवाय निकाल लागणार नव्हता.

तो सामना झाला. ८ जुलै १९२१, मुंबईचं बालीवाला थिएटर. टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. ज्या दोघांच्या नावाने गावागावांत तट पडले होते ते दोघं एका रंगमंचावर, एका नाटकात, एकमेकांसमोर. तिकिटांसाठी झुंबड उडाली. त्या रात्रीचं वर्णन पुढे अनेकांनी केलं आणि प्रत्येक वर्णनात जिंकणारा वेगळा. कुणाच्या मते केशवरावांनी पहिल्याच पदात रंगमंच ताब्यात घेतला, तर कुणाच्या मते बालगंधर्वांनी शांतपणे सगळं आपल्याकडे वळवलं. दोघांनी मिळून एका राष्ट्रीय कामासाठी केलेला खेळ होता तो. पण चाहत्यांच्या लेखी तो अंतिम सामनाच होता.

आणि लगेच विषय संपला. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, त्या रात्रीनंतर तीन महिनेही झाले नव्हते, केशवराव विषमज्वराने गेले. वय ३१.

या सगळ्याशी वळसंगचा काय संबंध, असं कुणी विचारेल. सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावरचं हे गाव. अनेक घरांत बोली कन्नड आणि शाळा मराठी. मराठी संगीत नाटकाचा इतिहास पुण्या-मुंबईचा म्हणून शिकवला जातो, पण नकाशा काढून पाहिला तर तो आमच्या बाजूला सरकतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचं गुर्लहोसूर आज कर्नाटकात आहे. केशवरावांची कंपनी उभी राहिली हुबळीत. आणि चाहत्यांची क्रमवारी जिथे थेट नावातच कोरली गेली, ते उदाहरणही याच पट्ट्यातलं.

कुंदगोळचे रामभाऊ, किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य, मातृभाषा कन्नड. ते मराठी नाटकांत सुभद्रेसारख्या भूमिका करू लागले. त्यांचं गाणं ऐकून वऱ्हाडातले पुढारी दादासाहेब खापर्डे यांनी त्यांना 'सवाई गंधर्व' म्हटलं, असं सांगतात. सवाई म्हणजे सव्वापट. गंधर्व म्हणजे अर्थातच बालगंधर्व. म्हणजे हे नुसतं कौतुक नव्हतं. तो चक्क गुणफलक होता: एकाला एक, दुसऱ्याला सव्वा. पुण्यात दर वर्षी भरणाऱ्या प्रसिद्ध महोत्सवाच्या नावात एका जुन्या चाहत्यांच्या भांडणाचा स्कोअर लपलेला आहे, हे तिथे रांगेत उभ्या असलेल्या किती जणांच्या लक्षात येत असेल? पुढे सौदागर नागनाथ गोरे 'छोटा गंधर्व' झाले, बेळगावजवळच्या सुळेभावीचे शिवपुत्र कोमकळी 'कुमार गंधर्व' झाले. गंधर्व हे जणू मोजमापाचं एकक झालं. किलो, मीटर, तसं गंधर्व.

एकक ज्याच्या नावाचं, तो स्पर्धेत हरू शकत नाही. बालगंधर्वांच्या पहिल्या क्रमांकामागे त्यांचा गळा आहेच, पण हेही एक कारण आहे. बाकी सगळ्यांची उंची त्यांच्याच पट्टीने मोजली गेली.

दुसरं कारण मला माझ्या कामामुळे जास्त ठळक दिसतं. आमच्याकडे एखादी सिस्टीम का बंद पडली हे शोधताना पहिला प्रश्न असतो: लॉग कुठले उरलेत? जे लिहिलं गेलं नाही ते घडलंच नाही असं वाटू लागतं, आणि तपास भलत्या दिशेला जातो. या वादाचेही लॉग तपासू.

भारतात ग्रामोफोनसाठी व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ साली. भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीच गेलेले. एका वर्षाने हुकलं. ज्यांच्या आवाजाने संगीत नाटक घरोघर पोचलं, त्यांचा एकही सूर आपल्याकडे नाही. त्यांच्या नावापुढे आज गुण देताच येत नाहीत, म्हणून ते यादीतच नसतात.

केशवराव गेले १९२१ साली. तोवर मुद्रण भोंग्यात तोंड घालून व्हायचं. मायक्रोफोन वापरून विजेवरचं मुद्रण जगात रुळलं १९२५ नंतर. ज्यांची ओळखच आवाजाची ताकद आणि त्यातली झळाळी ही होती, त्यांना ती ताकद टिपू शकणारं यंत्र भेटलंच नाही.

दीनानाथांना ते भेटलं. बालगंधर्वांनाही भेटलं, आणि शिवाय दीर्घ आयुष्य मिळालं. ते १९६७ साली गेले. पण इथेही एक पेच आहे. ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. दीनानाथांची वीज तीन मिनिटांत चमकून जाते, उलट त्या मर्यादेत ती जास्तच झगझगीत दिसते. बालगंधर्वांचं पद रंगमंचावर वन्स मोअर घेत घेत फुलायचं. तबकडीवर त्याचा एकच आविष्कार, तोही आटोपशीर. तेव्हा आज कुणी दोघांच्या तबकड्या शेजारी ठेवून म्हणालं की दीनानाथ जास्त थरारक वाटतात, तर ते कान चुकीचे नाहीत. ते कान तीन मिनिटांच्या मापाने ऐकत आहेत, एवढंच. आपली पिढी तर तीस सेकंदांच्या रीलवर वाढली आहे. आपल्याला कोण आवडणार हे आपल्या आवडीआधी त्या मापाने ठरवलेलं असतं.

तिसरा लॉग पुस्तकांचा. बोडसांनी 'माझी भूमिका' लिहिलं, टेंब्यांनी 'माझा संगीत व्यासंग' लिहिलं, चिंतामणराव कोल्हटकरांनी 'बहुरूपी' लिहिलं आणि त्याला साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. हे तिघंही जुन्या बँडमधले. यांच्या आठवणी आपल्यासाठी सोनं आहेत, पण ते तटस्थ पंच नव्हेत. कंपनी का फुटली, कुणी कुणाला दुखावलं, कुठलं पद कुणामुळे गाजलं, याची त्यांची उत्तरं त्यांच्या जागेवरून दिसलेली आहेत. केशवराव एकतिसाव्या वर्षी गेले. आत्मचरित्र लिहायला माणूस म्हातारा व्हावा लागतो.

आणि मत देणारे कोण होते? इथे मला वळसंगची विहीर आठवते. इथल्या दलित वस्तीने स्वतः खणलेल्या विहिरीचं पाणी १९३७ साली बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते खुलं झालं. गावात ती आजही बाबासाहेबांची विहीर म्हणून दाखवतात. ज्या काळात पुण्या-सोलापूरच्या दिवाणखान्यांत बालगंधर्व की दीनानाथ हा वाद रंगत होता, त्याच काळात त्या शहरापासून तासाभराच्या अंतरावर माणसांना पाण्यासाठी वेगळी विहीर खणावी लागत होती. त्या वस्तीतल्या लोकांचे कान कुणापेक्षा कमी नव्हते. पण थिएटरातली रांग, तबकडीचा खर्च, वर्तमानपत्रातलं परीक्षण, यांपैकी कशातच त्यांचं मत नोंदवायची सोय नव्हती. तमाशाच्या फडांतही फूट पडे. पठ्ठे बापूराव आणि पवळा ही जोडी जमली, गाजली आणि वेगळी झाली. त्यांचे चाहतेही असेच भांडले असणार. पण त्या प्रेक्षकांच्या हातात लेखणी क्वचितच होती, म्हणून त्या भांडणाचं दफ्तर आपल्याकडे नाही. संगीत नाटकाच्या वादाचं आहे, कारण तो वाद लिहिता येणाऱ्यांचा होता.

म्हणून 'महाराष्ट्राने बालगंधर्वांना पहिलं मानलं' या वाक्यातला महाराष्ट्र किती लोकांचा, हे विचारलं पाहिजे. त्याने बालगंधर्वांचं गाणं लहान होत नाही. आपलं विधान तेवढं खरं होतं.

आता पुन्हा दीनानाथांकडे, कारण त्यांच्या गोष्टीत आणखी एक वळण आहे आणि ते सोलापुरात येतं. तिसाव्या दशकात बोलपटांनी नाटक कंपन्यांचं कंबरडं मोडलं. बालगंधर्व १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'मध्ये एकनाथ झाले, पण पडदा त्यांना मानवला नाही. बलवंत मंडळीने स्वतःच चित्रपट काढायचं धाडस केलं आणि ती त्यात बुडाली. दीनानाथ उरले मैफलीचे गवई म्हणून. आता खरंच सोलो: कंपनी नाही, भागीदार नाहीत, पडदे नाहीत. ९ सप्टेंबर १९३८ रोजी सोलापुरात त्यांचा कार्यक्रम झाला, आणि त्यात त्यांच्याबरोबर त्यांची नऊ वर्षंही पूर्ण न झालेली मुलगीही गायली. लता मंगेशकरांनी आपला पहिला शास्त्रीय कार्यक्रम म्हणून पुढे याच तारखेची आठवण सांगितली.

चार वर्षांनी, २४ एप्रिल १९४२ रोजी, दीनानाथ पुण्यात गेले. वय ४१. तेव्हा क्रमवारी मांडली असती तर ते पराभूत म्हणून नोंदले गेले असते: कंपनी बुडालेली, पैसा संपलेला. पण त्यांच्या पाचही मुलांनी गाणं हातात घेतलं. घरात चाली जपल्या गेल्या, पदं पुन्हा मुद्रित झाली, दर वर्षी त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू झाले. वसंतराव देशपांड्यांसारख्या गवयाने दीनानाथांचा संस्कार उघडपणे मिरवला आणि 'कट्यार काळजात घुसली'मधून तो ढंग नव्या पिढीच्या कानांवर घातला. मेल्यानंतर क्रमवारीत वर चढलेला हा गायक आहे. त्याला ज्यांनी वर नेलं त्यांनी फक्त गोडवे गायले नाहीत, ती पदं स्वतः गाऊन दाखवली.

केशवरावांच्या वाट्याला हे तितकंसं आलं नाही. ललितकलादर्श पेंढारकरांनी पुढे नेली, मोठी केली. पण त्यांच्या गायकीचा वारसा सांगणारी तशी मुद्रित फळी उभी राहिली नाही. त्यांचं नाव उरलं कोल्हापूरच्या नाट्यगृहावर, राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेल्या वास्तूवर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. कोल्हापुरात त्या रात्री रस्त्यावर उभं राहून माणसं रडली. त्यांच्यातल्या कुणीही केशवरावांना ऐकलेलं नव्हतं. तरीही त्यांना आपलं काहीतरी गेल्यासारखं वाटलं. आवाज नाही, लेख मोजके, उरली होती एक इमारत, आणि तीही जळताना पाहावी लागली.

मग भांडायचं की नाही? भांडायचं. मला तर वाटतं या भांडणानेच अर्धा इतिहास वाचवला. भाऊरावांचा एकही सूर नसताना त्यांचं नाव आपल्याला माहीत आहे, कारण बालगंधर्वांशी तुलना करायला म्हाताऱ्या माणसांना ते लागत होते. केशवराव आठवतात, कारण १९२१ च्या त्या रात्रीचा निकाल कुणालाच मान्य झाला नाही. निकाल एकमताने लागला असता तर हरलेल्याला लोक केव्हाच विसरले असते. वाद मिटला नाही म्हणून माणसं उरली.

फक्त भांडताना दोन-तीन गोष्टी टेबलावर ठेवाव्यात. आपण गळ्याला गुण देतोय की चालीला, हे आधी सांगावं. समोर तीन मिनिटांची तबकडी आहे की रात्रभराचं नाटक, याचं भान ठेवावं. आणि ज्याचं मुद्रणच नाही त्याला शून्य न देता त्याची जागा रिकामी सोडावी. शून्य आणि रिकामी जागा यांत फरक असतो, हे कुठलाही प्रोग्रॅमर सांगेल. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. रिकामी जागा म्हणजे मोजताच आलं नाही.

जानेवारी २०२५ मध्ये 'संगीत मानापमान' चित्रपट म्हणून पुन्हा आला. दिग्दर्शन सुबोध भावे यांचं, संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं. पुन्हा भामिनी, पुन्हा धैर्यधर, आणि पुन्हा तोच वाद: ही गाणी चांगली की जुनी? ज्यांनी जुनी कधी ऐकली नव्हती अशांनीही त्या निमित्ताने फोनवर शोधून ती ऐकली असतील. त्यांतल्या कुणाला खरखरत्या तबकडीतले दीनानाथ आवडले असतील, कुणाला बालगंधर्व. तुम्हीही ऐका आणि आपला क्रम लावा. धैर्यधराच्या खाली नावं लिहिताना केशवराव भोसल्यांसाठी एक ओळ मात्र रिकामी ठेवा.